भिंत नसलेली खोली

चित्रकला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी ‘स्वतःची जागा’ हा विषय दिला जातो. परभणीतील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलीलाही तो मिळाला. घर दोन खोल्यांचे, माणसे सहा. चार दिवस विचार करून ती वही घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, “माझ्या घरी अशी जागाच नाही, मग मी काढू काय?”

वहीत पाच-सहा कच्ची रेखाटने होती. काचेच्या गोळ्यात बसलेली मुलगी; बंद दार आणि त्याखालून येणारी उजेडाची रेघ; उंच खिडकीशी उभी असलेली एकाकी आकृती. रेषा स्वच्छ होती, मांडणीही वाईट नव्हती. तरी त्यांतील एकही चित्र तिचे नव्हते. ती खिडकी परभणीतल्या कोणत्या घराची, असे आम्ही विचारले, तेव्हा ती हसली. खिडकी कुठल्याशा छापील चित्रातून आलेली होती.

या रेखाटनांतील दोष हाताचा नव्हे, गृहीताचा आहे. जागा म्हणजे चार भिंती, एक दार आणि आत एकटे माणूस, असे गृहीत धरले की दोन खोल्यांत राहणाऱ्या सहा माणसांजवळ काढण्यासारखे काही उरत नाही. मग विद्यार्थी दुसऱ्याच्या घरातील एकांत उसना आणतो. आमच्या मते, या विषयावरची बहुतेक चित्रे फसतात ती येथेच.

हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने 1966 साली ‘द हिडन डायमेन्शन’ या ग्रंथात माणसे परस्परांत राखतात त्या अंतराचे चार टप्पे सांगितले. त्यांपैकी वैयक्तिक अंतर सुमारे दीड ते चार फुटांचे. ही मापे मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्य भागातील मध्यमवर्गीयांच्या निरीक्षणावरून घेतलेली असून, ती सर्व समाजांना लागू करू नयेत, असे हॉल यांनी स्वतःच बजावले आहे. परभणीहून गंगाखेडला निघालेल्या भरगच्च एस.टी.त दीड फूट कोण कोणाला देणार? पण त्याच एस.टी.च्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल ज्या आसनावर पडतो ते आसन ‘माझी जागा’ होते. रुमालाला कुलूप नसते, तरी बहुतेक प्रवासी त्याचा मान राखतात. जागा येथे भिंतीने नव्हे, तर एका खुणेने आणि ती खूण ओळखणाऱ्या इतरांमुळे निर्माण झाली आहे. रिकाम्या आसनावरचा तो रुमाल आणि भोवतीची गर्दी एवढेच काढले तरी प्रकल्पाचे पहिले पान सिद्ध होईल.

ज्या पाश्चात्त्य कलेतून आपण बंद दार उसने घेतो, तिच्यातही एकांताला नेहमीच दार असते असे नाही. अंतोनेल्लो दा मेस्सीना या इटालियन चित्रकाराने सुमारे 1475 साली रंगविलेले ‘अभ्यासिकेतील संत जेरोम’ हे छोटे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. उंची जेमतेम दीड फूट. बायबलचे लॅटिन भाषांतर करणारे हे संत एखाद्या प्रचंड ख्रिस्तमंदिरासारख्या दालनात वाचत बसलेले आहेत. त्यांची अभ्यासिका म्हणजे दालनाच्या मध्यभागी मांडलेला एक लाकडी ओटा, दोन-तीन पायऱ्या, पुस्तकांच्या फळ्या आणि मेज. तिला छत नाही, समोरची भिंत नाही, दार तर नाहीच. उजवीकडच्या सावलीत सिंह फिरतो आहे, पुढच्या उंबरठ्यावर मोर उभा आहे. तरीही संत जेरोम पूर्णपणे आपल्या जागी आहेत, याविषयी पाहणाऱ्याला शंका येत नाही. हे चित्रकाराने कशाने साधले? जमिनीपासून थोडी उंची, हाताला येतील अशा ठेवलेल्या वस्तू आणि पायऱ्यांपाशी काढून ठेवलेली पादत्राणे यांनी. चपला काढून माणूस वर चढला, की खालचे जग खाली राहते. ही खूण आपल्या घरांना अपरिचित नाही.

एकांताविषयी प्रभू येशूने दिलेली शिकवणही या संदर्भात पुन्हा वाचावी. प्रार्थनेसाठी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यावे, असे मत्तयच्या शुभवर्तमानात (6:6) सांगितले आहे. तेथील मूळ ग्रीक शब्द ‘तामेइओन’. त्याचा अर्थ धान्यसामग्री साठविण्याची कोठी. त्या काळच्या साध्या घरात दार लावता येईल अशी जागा बहुधा ही कोठीच होती, असे अनेक भाष्यकार म्हणतात. म्हणजे प्रभूच्या डोळ्यांपुढे सजविलेली अभ्यासिका नव्हती; पोती आणि रांजण यांच्यामधली अंधारी जागा होती. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत बळद असे, देवळी असे, धान्याची कोठी असे. रुसलेले मूल तेथे जाऊन बसे आणि नवी सूनही डोळे पुसायला तेथेच जाई. विद्यार्थ्याने आजीला विचारावे, “तुम्ही रडायला कुठे जात होता?” त्या उत्तरात चित्राचा विषय आहे.

आपल्या धर्मग्रामातही असा विषय दर आठवड्याला समोर असतो. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमेओ यांनी पापनिवेदनासाठी जाळीदार लाकडी आडोसा बसविण्याची पद्धत रूढ केली. हा आडोसा लपलेल्या खोलीत नसतो. सर्वांच्या देखत मंदिरातच असतो. जेथे तोही नसतो तेथे कोपऱ्यात एक खुर्ची ठेवतात आणि रांगेतील माणसे न सांगता चार पावले मागे थांबतात. ते मोकळे सोडलेले चार पावलांचे अंतर रेखाटता येईल का?

परभणी जिल्ह्याला तर या विषयासाठी दूर जाण्याचे कारणच नाही. गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. परंपरा सांगते, की त्या लहानपणीच पंढरपुरास नामदेवांच्या घरी आल्या आणि दासी म्हणून तेथेच राहिल्या. भरलेल्या घरात दासीला कसली खोली? पण त्यांच्या अभंगांत एक जागा पुन्हा पुन्हा येते, ती जात्यापाशी. पहाटेच्या अंधारात, घर निजलेले असताना, त्या दळतात आणि विठ्ठल त्यांच्यासोबत दळू लागतो. तो गोवऱ्या वेचतो, पाणी भरतो. या जागेला भिंत नाही. वेळ आहे, आवाज आहे, आणि आत येण्याचा अधिकार एकालाच आहे. जागा वेळेचीही बनलेली असते, हे सातशे वर्षांपूर्वी गंगाखेडच्या कन्येने दाखविले. जात्याचे वर्तुळ, त्याभोवती पसरलेले पांढरे पीठ आणि पलीकडे निजलेल्या घराच्या काळ्या आकृती, असे चित्र आम्हांला काचेच्या गोळ्यापेक्षा कितीतरी खरे वाटते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो योग्य आहे. टंचाईचे हे गोडवे तर नव्हेत? जनाबाईंना जात्यापाशी एकांत मिळाला, कारण दळणे त्यांच्यावर सोपविलेले होते. त्यांचे उदाहरण पुढे करून मुलींना ‘कामातच तुझी जागा शोध’ असे सांगणे हा त्या अभंगांचा अपमान होईल. मुलाला अभ्यासासाठी मेज मिळते आणि मुलीला ओट्याचा कडा, हे आमच्या वाचकांच्या घरांतही घडते. चित्राने हे झाकू नये. घराचा साधा आराखडा काढून पहाटे, दुपारी आणि रात्री कोण कोठे असते हे त्यात रंगाने भरले, तर घरातील न्याय-अन्याय एका कागदावर उतरेल. अलीगढला जन्मलेल्या झरीना हाश्मी (1937-2020) यांनी घरांचे असे आराखडे काष्ठठशांत कोरले. 1999 सालच्या त्यांच्या ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ या 36 ठशांच्या मालिकेत प्रत्येक चित्रासोबत एक उर्दू शब्द आहे. माणसाची एकही आकृती न काढता त्यांनी हरवलेले घर उभे केले.

शेवटी एका कॅथलिक चित्रकर्तीचा उल्लेख करतो. ग्वेन जॉन (1876-1939) ही वेल्समधील स्त्री पॅरिसमध्ये माळ्यावरच्या एका खोलीत राहत असे. 1907 ते 1909 या काळात तिने त्या खोलीचा कोपरा रंगविला: वेताची खुर्ची, तिच्याशी टेकविलेली छत्री, खिडकीचा पडदा, लहानशा मेजावर फुले. माणूस नाही, पण खुर्चीवर टाकलेल्या वस्त्रात ते आहे. 1913 साली तिने कॅथलिक धर्मश्रद्धा स्वीकारली आणि पुढे म्यूदाँ येथे राहताना चर्चमध्ये बसलेल्या स्त्रियांची व मुलींची अनेक चित्रे काढली. त्यांपैकी पुष्कळ पाठमोरी आहेत. प्रार्थना करणाऱ्याच्या चेहऱ्यावर नजर न रोखता मागून त्याला पाहणे ही चित्रकर्तीने दिलेली जागाच होय. आमच्या मते, त्या मुलीच्या प्रकल्पाला याहून उपयुक्त धडा मिळणार नाही.

म्हणून आम्ही तिला खोली शोधायला सांगितले नाही. आठ दिवस घरातील प्रत्येकाच्या खुणा टिपायला सांगितले: वडिलांची खुंटी, आजीची जपमाळ ठेवलेली देवळी, भावाची उशी, आईने दिवसातून एकदाच टेकलेली पाठ. नवव्या दिवशी ती वही घेऊन आली. रेखाटने ओबडधोबड होती, पण खिडक्या परभणीच्या होत्या. आईचे चित्र पाठमोरे होते; ती चुलीपाशी नव्हे, मागच्या दाराच्या पायरीवर बसली होती. आपल्या आईला अशी जागा आहे, हे आठ दिवसांपूर्वी आपल्याला ठाऊक नव्हते, असे ती म्हणाली.

वहीतील दोन पाने तिने टाचणीने एकत्र जोडली होती. ती कोणाची, हे आम्ही विचारले नाही. तिच्या घरच्यांनीही विचारू नये, एवढीच आमची विनंती आहे.