सुवर्णचंद्रक आणि साहित्यनिर्णय

साहित्यसभेने सुवर्णचंद्रक अर्पण करणे हे आमच्या मते मूलतः समीक्षेचेच कार्य होय. अहमदाबादच्या गुजरात साहित्य सभेचा पहिला रणजितराम सुवर्णचंद्रक १९२८ साली झवेरचंद मेघाणी यांना मिळाला. सौराष्ट्रातील लोककथा वेचणाऱ्या लेखकास हा मान देऊन सभेने लोकवाङ्मयाचे मोल मान्य केले. रणजितराम मेहता स्वतः लोकगीतांचे संग्राहक होते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या निवडीचे औचित्य अधिकच पटते.

बडोद्याची प्रेमानंद साहित्य सभाही सुवर्णचंद्रक देत आली आहे. तो ज्याच्या नावाचा, तो सतराव्या शतकातील प्रेमानंद बडोद्याचाच कवी. माणभट्ट तांब्याच्या घड्यावर ताल धरून त्याची आख्याने श्रोत्यांपुढे गात. आपल्या हरिदासांच्या आख्यानाशी त्यांचे नाते मराठी वाचकास सहज उमगेल. अशा नगरीत अर्पणसमारंभ हारतुरे, स्वागत आणि आभार यांतच सरू नये. निवडीमागील कारणांचे साधार विवेचन तेथे वाचले जावे, पुढे ते छापले जावे, आणि गौरवलेल्या कृतीतील एखादा भाग श्रोत्यांच्या कानी पडावा. कारणे न सांगता दिलेले सोने लेखकाचा सन्मान करील. वाचकाची रसज्ञता मात्र त्याने वाढणार नाही.