व्यक्तिमत्त्व चाचणी आणि मार्गदर्शनार्थीची मूल्ये : एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठीत 'कोचिंग' हा शब्द उच्चारताच शिकवणी वर्ग डोळ्यांपुढे येतो. व्यवस्थापन क्षेत्रातील कोचिंगचे स्वरूप मात्र भिन्न आहे. तेथे प्रशिक्षक विषय शिकवीत नाही. प्रौढ मार्गदर्शनार्थीला स्वतःची उद्दिष्टे, अडचणी व निर्णय यांचा विचार करण्यास तो साहाय्य करतो. या प्रक्रियेच्या आरंभी व्यक्तिमत्त्व चाचणी देण्याची पद्धत रूढ आहे. चाचणीतून व्यक्तीची मूल्ये आणि वर्तन या दोहोंचा उलगडा होतो, असे त्यामागील गृहीतक असते. मायर्स-ब्रिग्ज या सुपरिचित चाचणीच्या आधारे या गृहीतकाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

चाचणीचे स्वरूप

कार्ल युंग यांचा व्यक्तिमत्त्वप्रकारांवरील ग्रंथ १९२१ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी त्यातील विचारांना प्रश्नावलीचे रूप दिले. अमेरिकेतील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेने ती १९६२ मध्ये प्रसिद्ध केली. अंतर्मुख-बहिर्मुख, विचार-भावना अशा चार जोड्यांतून ही चाचणी व्यक्तीला १६ प्रकारांपैकी एका प्रकारात बसविते. कोणताही प्रकार हीन न मानणे आणि स्वतःविषयी बोलण्यास सोपी परिभाषा पुरविणे, हे तिचे गुण मान्य केले पाहिजेत. संकोची मार्गदर्शनार्थी तिच्या निमित्ताने बोलू लागतो.

मापनाच्या मर्यादा

पहिला आक्षेप वर्गीकरणावर आहे. ३४ व ३५ गुण मिळविणाऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या ज्ञानात फारसे अंतर नसते. तरी निकालपत्रात एक अनुत्तीर्ण आणि दुसरा उत्तीर्ण ठरतो. या चाचणीतही मध्यरेषेच्या अलीकडे-पलीकडे असणाऱ्या व्यक्ती परस्परविरुद्ध प्रकारांत जातात. पाच आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिल्यास सुमारे ५० टक्क्यांपर्यंत व्यक्तींचा प्रकार बदलू शकतो, याकडे डेव्हिड पिटेंजर यांनी १९९३ मध्ये लक्ष वेधले. व्यवसाय-मार्गदर्शनात या चाचणीच्या वापरास पुरेसा संशोधनाधार नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९१ मध्ये काढला होता.

'वर्णन तंतोतंत जुळले' हा मार्गदर्शनार्थीचा अभिप्रायही पुरावा ठरत नाही. बर्ट्राम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना एकच वर्णन प्रत्येकाचे स्वतंत्र वर्णन म्हणून दिले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. हा प्रयोग १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. राशिभविष्याच्या वाचकांना ही मानसिकता अपरिचित नाही.

मूल्ये आणि वर्तन

अधिक गंभीर प्रश्न मूल्यांचा आहे. 'विचार-भावना' ही जोडी व्यक्ती निर्णय कसा घेते याविषयी बोलते. तो कशासाठी घेते, हे सांगत नाही. शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये मांडलेली सुरक्षितता, परंपरा, परोपकार, स्वयंनिर्णय आदी दहा मूल्ये हा वेगळ्या पातळीवरील विषय आहे. मूल्ये आणि व्यक्तिमत्त्वगुण यांत काही सहसंबंध आढळतात. परंतु सहसंबंध म्हणजे एकरूपता नव्हे.

समजा, अंतर्मुख ठरलेल्या एका बँक अधिकाऱ्याने शाखाधिकारीपदाची बढती नाकारली. त्यामागे लोकसंपर्काचा कंटाळा असेल, वृद्ध आईवडिलांजवळ राहण्याची निष्ठा असेल किंवा कर्जवाटपातील दडपणांना दिलेला मूक नकार असेल. वर्तन एकच, मूल्ये तीन. 'तुम्ही अंतर्मुख आहात, म्हणून नकार दिलात', असे प्रशिक्षकाने सांगताच चर्चा संपते आणि माणूस अज्ञातच राहतो. त्या अधिकाऱ्याने ते लेबल खरे मानले, तर पुढच्या संधीही तो त्याच कारणासाठी नाकारील.

वर्तनाबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. व्यक्तिमत्त्व प्रश्नावलीतील गुण आणि प्रत्यक्ष प्रसंगातील वर्तन यांचा सहसंबंध क्वचितच ०.३० च्या पुढे जातो, असे वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये दाखविले. त्यावर पुढे बराच वाद झाला. अनेक प्रसंगांची सरासरी घेतल्यास हा संबंध बळकट होतो, हेही स्पष्ट झाले. तथापि एका विशिष्ट निर्णयाचे कारण केवळ चाचणीतून शोधता येत नाही. पंचघटक प्रतिमानावर आधारित चाचण्या मापनदृष्ट्या अधिक भक्कम आहेत. त्यांनाही ही मर्यादा लागू पडते.

समारोप

व्यक्तिमत्त्व चाचणी त्याज्य नाही. तिचे स्थान मात्र निश्चित केले पाहिजे. तिचा निष्कर्ष मार्गदर्शनार्थीपुढे निकाल म्हणून नव्हे, तर प्रश्न म्हणून ठेवावा. 'हे वर्णन कोणत्या प्रसंगी खोटे ठरले?' आणि 'त्या वेळी कोणती गोष्ट सोडणे अशक्य वाटले?' या दोन प्रश्नांच्या उत्तरांत मूल्यांचा मागोवा अधिक लागतो. वर्णन नाकारण्याचा अधिकार मार्गदर्शनार्थीकडे राहिला पाहिजे. महाविद्यालयांतील व्यवसाय-मार्गदर्शन कक्षांनीही हे भान ठेवणे अगत्याचे आहे. कारण तेथे येणारा विद्यार्थी अद्याप घडत असतो आणि चार अक्षरांचा शिक्का त्याच्या घडणीच्या आड येऊ शकतो.