उधळ्या पुत्राचे अपुरे वाक्य

पापाची कबुली आणि पापापासून मुक्ती यांचा संबंध देवघेवीचा मानण्याची प्रवृत्ती ख्रिस्ती प्रवचनांतून पुष्कळदा आढळते. पाप्याने कबुली द्यावी व तिच्या मोबदल्यात क्षमा मिळवावी, असा हा हिशेब आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला त्याच्या पुष्टीसाठी नेहमी सांगितला जातो. तथापि दाखल्याची भाषा बारकाईने पाहिली असता तो हा हिशेब मोडूनच काढतो, असे दिसते.

मराठी बायबलात रूढ झालेल्या ‘पश्चात्ताप’ या शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ ‘मागाहून होणारा ताप’ असा आहे. त्याची दृष्टी घडून गेलेल्या कृत्याकडे आहे. मूळ ग्रीक ‘मेटानोइया’ या शब्दाचा रोख मन पालटण्यावर आहे. लॅटिन भाषांतरातील ‘पेनितेंतिया’ या शब्दाला प्रायश्चित्तविधीचाही अर्थ चिकटला होता. १५१६ साली इरास्मसाने ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केल्यावर या अर्थाची चर्चा नव्याने सुरू झाली. १५१७ साली ल्यूथरने आपल्या ९५ सिद्धान्तांच्या आरंभीच पश्चात्ताप हा एखादा विधी नसून श्रद्धावंताच्या सबंध जीवनाचा धर्म होय, असे प्रतिपादिले.

याच अध्यायातील हरवलेले मेंढरू व हरवलेले नाणे या दोन्ही दाखल्यांच्या समारोपात हे ग्रीक क्रियापद येते. उधळ्या पुत्राच्या कथेत मात्र ते एकदाही येत नाही. तेथे पुत्र ‘स्वतःकडे येतो’, उठतो आणि चालू लागतो. मराठी भाषांतरातील ‘शुद्धीवर येणे’ हा प्रयोग येथे विशेष अर्थवाही ठरतो; कारण मराठीत ‘शुद्धी’ म्हणजे भान आणि ‘शुद्धी’ म्हणजे निर्मळपणाही.

चालू लागण्यापूर्वी पुत्र आपले वाक्य मनाशी जुळवितो. त्याचे तीन भाग आहेत : आपण पाप केले, पुत्र म्हणवून घेण्यास आपण योग्य नाही, आपल्याला मोलकऱ्यांत ठेवावे. पहिल्या भागात ग्रीकमध्ये प्रथमपुरुषी क्रियापद आहे. ‘माझ्या हातून पाप घडले’ असे मराठी माणूस सहज म्हणतो. त्या रचनेत पाप हाच कर्ता होतो आणि बोलणारा केवळ साधन उरतो. ‘मी पाप केले’ या रचनेत तशी पळवाट राहत नाही. कबुलीचे सारे नैतिक बळ या कर्तृत्वाच्या स्वीकारात आहे.

परंतु हे वाक्य उच्चारले जाण्यापूर्वीच पित्याने पुत्राला दुरून पाहिले आहे, धावत जाऊन मिठी मारली आहे. शिवाय वाक्याचा तिसरा भाग ओठांवर येतच नाही. काही प्राचीन हस्तलिखितांत तो घातलेला आढळतो; पण तो पूर्वीच्या ओळींवरून मागाहून भरला असावा, असे बहुतेक संपादक मानतात. कबुलीचा अंगीकार होतो; मोलमजुरीने ऋण फेडण्याचा प्रस्ताव मात्र पित्याच्या आज्ञेने मध्येच तुटतो. झगा, अंगठी आणि पायतण ही सर्व पुत्रत्वाची चिन्हे होत.

क्षमा आधीच सिद्ध असेल, तर कबुलीचे प्रयोजन काय, अशी शंका येथे उपस्थित होते. तिचे उत्तर थोरल्या पुत्रात आहे. त्याने आज्ञा मोडलेली नाही. परंतु घरातील आपल्या वर्षांचे वर्णन तो दास्याचे क्रियापद वापरून करतो. धाकट्याने जी मोलकऱ्याची जागा मागण्याचे योजिले होते, तिच्याहूनही खालची जागा थोरल्याने मनाने स्वीकारलेली आहे. भावाला तो ‘तुझा हा पुत्र’ म्हणतो; पिता ते ‘तुझा हा भाऊ’ असे दुरुस्त करतो. कबूल करण्याजोगे आपणाजवळ काही आहे, हे थोरल्याला दिसत नाही. म्हणून पिता बाहेर येऊन विनवीत असताही तो दाराबाहेरच उभा आहे.

तात्पर्य, या दाखल्यात कबुली ही क्षमेची किंमत नव्हे. हिशेब सोडून पुत्र म्हणून आत येण्याची ती तयारी होय. थोरला आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. दाखला प्रथम ऐकणारे परूशी व शास्त्री पापी लोकांच्या पंक्तीबद्दल कुरकुर करीत होते, हे अध्यायाच्या आरंभीच नमूद आहे. अपुरे राहिलेले ते उत्तर त्यांनी द्यावयाचे होते.