आवराआवरीचा ताळेबंद

बँकेतल्या कारकुनाने पुस्तकावर अभिप्राय द्यावा का, असा प्रश्न काही जाणकारांना पडेल. माझे म्हणणे असे की, जो माणूस २२ वर्षे लोकांची पासबुके वाचत आला आहे, त्याला जगातले कुठलेही पुस्तक वाचण्याचा अधिकार आहे. पासबुकात निदान शेवटी काय उरले ते तरी कळते.

पुस्तक आहे जपानच्या मारी कोंडोबाईंचे, घर कसे आवरावे या विषयावरचे. इंग्रजीत ते २०१४ साली आले, २०१९ साली बाईंची नेटफ्लिक्सवर मालिका झाली आणि आमच्या घरात ते आमच्या कन्येने आणले. आणले तेही नेमके माझी लातूरहून नांदेडला बदली झाली त्याच आठवड्यात. लातूरचे चार खोल्यांचे घर नांदेडच्या दोन खोल्यांत बसवायचे होते. सौ.ने पुस्तक एका रात्रीत वाचले. लग्नानंतर तिने इतक्या तन्मयतेने काही वाचल्याचे मला आठवत नाही. माझी पगाराची पावती सोडली तर.

बाईंची पद्धत सोपी आहे. आधी कपडे, मग पुस्तके, मग कागद, मग किरकोळ सामान आणि सर्वांत शेवटी आठवणींच्या वस्तू. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि मनाला विचारायचे, हिने आनंद होतो का? होत असेल तर ठेवायची, नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. आभार मानून निरोप देणे आपल्याला नवे नाही, आपण गणपतीला दरवर्षी देतोच. पण गणपती पुढच्या वर्षी येतो. भंगारात गेलेला मिक्सर येत नाही.

पहिल्या दिवशी सौ.ने माझी तपकिरी सफारी हातात घेतली, डोळे मिटले आणि "नाही" म्हणाली. मी म्हटले, "अगं, सफारी माझी आहे, आनंद मला व्हायला पाहिजे." ती म्हणाली, "बघावं मला लागतं." युक्तिवाद बिनतोड होता. सफारी गेली.

आता टीकेकडे वळतो. बी.कॉम.ला आम्हाला शिकवले होते की, प्रत्येक वस्तूला खरेदीची किंमत असते, दरवर्षी तीवर घसारा धरायचा आणि शेवटी जी उरते ती भंगार किंमत. बाईंच्या पुस्तकात आनंदाचा रकाना आहे, घसाऱ्याचा नाही. पिशव्या भरभरून घराबाहेर काढा, एवढेच त्या सांगतात. आपल्याकडे वस्तू अशी फुकट बाहेर जात नाही. तिच्यासाठी बोहारीण आहे, रद्दीवाला आहे, भंगारवाला आहे आणि पितळेची मोड घेणारा भांड्यांचा दुकानदार आहे. या चौघांनी आपली घरे पिढ्यान्‌पिढ्या आवरली, पण एकानेही पुस्तक लिहिले नाही. बोहारणीने सात साड्या, तीन पँटी आणि माझी सफारी घेतली आणि एक स्टीलचे पातेले दिले. अकरा वस्तू गेल्या, एक आली. हिशेब उत्तम. पण पातेल्याला झाकण नव्हते, म्हणून झाकण विकत आणावे लागले.

व्यायामाची सायकल तेवढी मोबाईलवरून विकायची ठरली. घेतली होती ९ हजारांना, मी ४ हजार लिहिले. पहिल्या तासात सहा जणांनी विचारले, "लास्ट प्राइस?" नमस्कार नाही, चमत्कार नाही. एकाने शेळीच्या बदल्यात देता का म्हणून विचारले. एक गृहस्थ प्रत्यक्ष आले, दहा मिनिटे पायडल मारले, घाम पुसला, चहा प्याले आणि "विचार करून सांगतो" म्हणून गेले ते आजतागायत विचारच करत आहेत. शेवटी शेजाऱ्यांनी ११०० रुपयांना नेली. मग लक्षात आले की, आम्ही त्या सायकलीवर ओले टॉवेल वाळवत होतो. त्याच पैशातून टॉवेलांसाठी स्टँड आणला.

कागदांच्या प्रकरणाशी मात्र माझी सहनशक्ती संपली. बाईंचा नियम असा की, कागद मुळातच टाकायचे, नाइलाज असेल तेवढेच ठेवायचे. बाई कधी निजामाच्या मुलखात राहिल्या नाहीत, हे उघड आहे. आमच्याकडे आजोबांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात उर्दूतले आणि मोडीतले कागद आहेत. घरात ते कोणालाही वाचता येत नाहीत, त्यामुळे आनंद होण्याचा प्रश्नच नाही. पण सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, निजामकाळातल्या दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि अख्ख्या मराठवाड्यात माळ्यावरच्या ट्रंका खाली आल्या. ज्यांनी आधीच आवराआवर केली होती, त्यांची घरे स्वच्छ होती आणि चेहरे उतरलेले. मी आरक्षणाच्या वादात पडत नाही. मी कारकून आहे, कागदाच्या बाजूने बोलतो.

किरकोळ सामानात आमचे दोनशे लिटरचे दोन प्लास्टिकचे ड्रम आले. ड्रमकडे बघून कोणाच्या मनाला गुदगुल्या होणार? पण आम्ही २०१६ सालचे लातूरकर. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. तो उन्हाळा ज्याने काढला, तो रिकाम्या डब्यालासुद्धा नावे ठेवत नाही. नळ उघडला की पाणी येते, अशा गावात बसून लिहिलेले हे पुस्तक आहे, हे प्रत्येक पानावर जाणवते. सौ. म्हणाली, "अहो, नांदेडला गोदावरी आहे." मी म्हटले, "असू दे." ड्रम टेम्पोत आले. नांदेडच्या शेजाऱ्यांनी विचारले, "काय, रॉकेलचा डेपो काढायलाव का?"

राहिल्या आठवणींच्या वस्तू. त्यात आईची पितळी घागर निघाली, पोट चेपलेली, पाणी भरले तर ठिबकणारी. दुकानदाराने तोलून साडेतीन किलो सांगितली आणि मोडीचा भाव लावला. सौ. म्हणाली, एकदा आईंना विचारू.

आईचे माहेर किल्लारीजवळचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन मिनिटांनी, दगडमातीच्या जाडजूड भिंतींची ती घरे बसली. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. मामांनी तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून ही घागर काढली. आजी त्याआधी सापडली होती. मी तेव्हा शाळेत होतो. आई माहेराहून घागर घेऊन आली आणि चार दिवस काही बोलली नाही, एवढे मला आठवते.

सौ.ने पुस्तकात सांगितल्याप्रमाणे घागर आईच्या हातात दिली आणि हळूच विचारले, "आई, हिच्याकडे बघून आनंद होतो का हो?"

आई म्हणाली, "आनंद? नाही गं बाई. हातात घेतली की रडूच येतंय. म्हणून तर ठेवलीय."

सौ. काही बोलली नाही. संध्याकाळी पाहिले तर मोरीत बसून चिंच लावून घागर घासत होती.

तेव्हा अभिप्राय असा: पुस्तक कपाटापुरते चांगले आहे. सफारीच्या बाबतीत तर बाईंचे बरोबरच होते, हे मी आता मान्य करतो. पण घरात काही वस्तू गरजेला असतात, काही भीतीला आणि काही दुःखाला. त्यांना आनंदाची परीक्षा लावली तर सगळ्याच नापास होतील. २०२३ साली बाईंनी स्वतः सांगितले की, तिसरे मूल झाल्यावर घर नीटनेटके ठेवण्याचा आग्रह त्यांनी बराचसा सोडला आहे. ते वाचून त्यांच्याविषयीचा माझा आदर वाढला.

आता ताळेबंद. रद्दी ३१० रुपये, भंगार ६४० रुपये, सायकल ११००. एकूण जमा २०५०. खर्च: पातेल्याचे झाकण, टॉवेलांचा स्टँड आणि उरलेले सामान नीट दिसावे म्हणून आणलेले पारदर्शक डबे मिळून २४००. निव्वळ तोटा ३५० रुपये.

घागर यात धरलेली नाही. ती देवघराशेजारी आहे. तिच्यावर घसारा किती धरायचा, ते आम्हाला बी.कॉम.ला शिकवले नव्हते.