लाखांचा कॅमेरा आणि वाटाण्याचें रोप

जालना जिल्ह्यांतील सुशिक्षित घरांतून अलीकडे एक नवाच वाद ऐकूं येऊं लागला आहे. पूर्वी घरांतील तरुण मुलगा वकिली करणार कीं सरकारी नोकरी धरणार, एवढाच प्रश्न असे. आतां तो 'व्हिडिओ करणार' म्हणतो, आणि त्यासाठीं कॅमेरा मागतो. कॅमेराही साधा नव्हे. बाजारांत ज्यास 'सिनेमा कॅमेरा' म्हणतात तो. भिंगें, दिवे, तिवई, बॅटऱ्या यांच्यासह हिशेब मांडला म्हणजे आंकडा कांहीं लाखांवर जातो, आणि वडिलांच्या डोळ्यांपुढें बँकेंतील मुदतठेव उभी राहते. असा एक वाद गेल्या हिवाळ्यांत घनसावंगी तालुक्यांतील आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं आमच्या समक्षच झाला. मुलाचा उद्योग लहान पण स्वतंत्र आहे. मोसंबीच्या बागांविषयीं तो छोटे व्हिडिओ तयार करून इंटरनेटवर प्रसिद्ध करतो. पाहणारे लोक थोडे आहेत, पण मन लावून पाहणारे आहेत. वडिलांनीं नकार देतांच त्यानें एकच उदाहरण पुढें केलें. "दादासाहेब फाळक्यांनीं विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनीं दागिने दिले, म्हणून तर सिनेमा झाला ना, काका?" असें त्यानें आमच्याकडे वळून विचारलें. त्या वेळीं आम्हांस नीटसें उत्तर देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचा विचार आहे.

फाळक्यांची गोष्ट खरी आहे. पण ती अर्धीच सांगण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. १९१२ सालीं ते लंडनला गेले, तेथें सुमारें पन्नास पौंडांस विल्यमसनचा कॅमेरा त्यांनीं घेतला, आणि १९१३ च्या मे महिन्याच्या ३ तारखेस मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला, हें सर्वांस ठाऊक आहे. मधली हकीकत ठाऊक असली तरी तिच्यापाशीं कोणी थांबत नाहीं. कॅमेरा घरीं आला तरी चित्रपटास लागणारें भांडवल हातीं नव्हतें. पैसेवाल्यांचा विश्वास बसावा म्हणून फाळक्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, महिनाभर त्याचें रोज थोडथोडें चित्रण केलें, आणि अंकुर फुटून रोप वाढतांना दाखविणारें मिनिटाभराचें चित्र तयार केलें. त्यांत राजा नाहीं, राणी नाहीं, स्मशान नाहीं. एक रोप तेवढें आहे. पण माणसाच्या उघड्या डोळ्यांस जें कधींच दिसत नाहीं तें त्यांत दिसत होतें, आणि पाहणाऱ्यांनीं त्यावरच पैसा देऊं केला.

आतां यांतून कर्जाचें समर्थन निघतें काय? आमच्या मतें नाहीं. १९१२ सालीं हालतें चित्र घ्यावयाचें तर परदेशी यंत्र विकत घेण्यावांचून गत्यंतरच नव्हतें. त्यांच्याही आधीं हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं एकवीस गिनी मोजून इंग्लंडहून कॅमेरा आणविला होता, व १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली होती, तीही याच निरुपायानें. आज जालन्याच्या मोंढ्यांतील हमालाच्या खिशांतही चित्र घेणारें यंत्र आहे. तेव्हां फाळक्यांचें कर्ज हें चित्र मुळांत शक्य होण्याची किंमत होती. आजच्या तरुणाचें कर्ज हें चित्र थोडें अधिक देखणें होण्याची किंमत आहे. या दोहोंना एका तराजूंत घालतां येत नाहीं. वाटाण्याचें रोप मात्र दोन्ही काळांत एकाच भावाचें आहे.

'थोडें अधिक देखणें' असें आम्ही म्हटलें, त्यांत तुच्छता नाहीं. महाग कॅमेऱ्याचे गुण खरे आहेत. भर उन्हांतला पांढराशुभ्र कापूस आणि त्याच झाडाखालची काळी सांवली या दोहोंतील तपशील तो एकाच चित्रांत सांभाळतो; साध्या फोनांत एक तर कापूस जळून जातो, नाहीं तर सांवली शाईसारखी होते. रंगाच्या छटांचेंही तसेंच. आठ बिटांच्या चित्रांत प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, दहा बिटांच्या चित्रांत १०२४. मागाहून रंग सुधारावयाचे असतील तर या अधिक पायऱ्या फार उपयोगीं पडतात. परंतु हें सारें वैभव प्रेक्षकाच्या हातीं पडेपर्यंत त्यांतलें किती उरतें, हेंही पाहिलें पाहिजे. प्रसारण करणाऱ्या संस्था चित्र दाबून लहान करतात, बहुधा त्याच आठ बिटांत आणतात, आणि पाहणारा तें तळहाताएवढ्या पडद्यावर, बांधावर उभा राहून, उन्हाच्या तिरपींत पाहतो. उलट खर्च कांहीं दाबला जात नाहीं. चोखंदळ लोक ज्या 'प्रोरेस' पद्धतीनें मुद्रण करतात तिच्या ४२२ एचक्यू या प्रतींत ४के आकाराच्या एका तासाच्या चित्रणास तीनशें जीबींहून अधिक जागा लागते. फोनाच्या नेहमींच्या पद्धतींत तेंच चित्रण दहाएक जीबींत मावतें. म्हणजे कॅमेऱ्याच्या मागोमाग मोठा संगणक, साठवणीच्या तबकड्या आणि त्यांच्या दुसऱ्या प्रती यांची वरात घरांत शिरते. दुकानाच्या किंमतपत्रिकेंत या वऱ्हाडाचा उल्लेख नसतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा विषयाचा आहे, आणि त्याकडे या वादांत कोणीच लक्ष देत नाहीं. तरुण मंडळींच्या तोंडीं 'सिनेमॅटिक' हा एक शब्द बसला आहे. त्याचा अर्थ विचारला तर बहुधा इतकाच निघतो कीं, पुढची वस्तु रेखीव दिसावी आणि मागचें सर्व धुक्यांत विरघळून जावें. नायिकेच्या मुखाला तें शोभतें. पण मोसंबीच्या फळगळीवर व्हिडिओ करणारा जेव्हां एका फळावर दृष्टि रोखून मागची बाग पुसून टाकतो, तेव्हां तो नेमकें शिकविण्याजोगें तेवढेंच पुसून टाकतो. शेतकऱ्यास तें फळ पाहावयाचें नसतें, तें त्याच्याकडेही आहे. ठिबकाची नळी बुंध्यापासून किती दूर आहे, पाणी कोठें साचलें आहे, शेजारच्या झाडाची पालवी कशी आहे, गळलेलीं फळें एकाच बाजूस पडलीं आहेत कीं सभोंवार, हें त्यास पाहावयाचें असतें. मोठ्या सेन्सरचा कॅमेरा हें दाखवूं शकत नाहीं असें नाहीं. भिंगाचें छिद्र लहान केलें कीं मागचेंही स्पष्ट होतें. पण लाखों रुपये ज्या धुक्यासाठीं मोजले, तें धुकें कोण सोडतो?

रंगाच्या बाबतींत तर असल्या हौसेनें खोटेंही घडतें. झाडास लोह कमी पडलें कीं कोवळीं पानें पिवळीं पडतात व शिरा हिरव्या राहतात. नत्र कमी पडलें कीं आधीं जुनीं पानें पिवळीं पडतात. हा फरक रंगाचा आणि जागेचा आहे, आणि खताचा सगळा खर्च त्यावर अवलंबून आहे. आम्हीं या जिल्ह्यांतले असे बरेच व्हिडिओ मुद्दाम पाहिले. त्यांतील कांहींत हिंदी चित्रपटांतल्यासारखी सांवल्यांस निळसर व उजेडास नारिंगी झांक दिलेली होती. चित्र मोहक दिसत होतें, आणि पान कोणत्या रोगाचें आहे हें ओळखणें अशक्य झालें होतें. फोनही येथें निर्दोष नाहीं. तो आपण होऊन हिरवा रंग गडद करतो. म्हणून खरा रंग हवा असेल तर हातानें रंगमेळ साधतां येणारें साधन घ्यावें, हा चांगल्या कॅमेऱ्याच्या बाजूचा मुद्दा आम्हांस मान्य आहे. मात्र त्यास सिनेमा कॅमेरा लागत नाहीं. पानाशेजारीं पांढरा कागद धरून तेवढ्यापुरती फोनाची रंगव्यवस्था स्थिर केली तरी पुष्कळ काम होतें.

कीर्तनाचे व्हिडिओ करणाऱ्यांची स्थिति आणखी निराळी आहे. समर्थांच्या जांबेपासून राजूरच्या गणपतीपर्यंत या भागांत कीर्तनास तोटा नाहीं, आणि इंटरनेटवर त्यास श्रोतेही उदंड आहेत. पण ते श्रोतेच आहेत. स्वयंपाकघरांत, ट्रॅक्टरवर, झोपण्यापूर्वीं अंधारांत लोक कीर्तन लावतात, आणि पडदा बहुधा पालथा असतो. बुवांचा आवाज घुमत असेल, पखवाज सगळें गिळून टाकीत असेल, तर चित्र कितीही स्वच्छ असून उपयोग काय? ध्वनिक्षेपकाच्या यंत्रावरून थेट तार घेऊन आवाज वेगळा मुद्रित करण्यास जें साहित्य लागतें तें कॅमेऱ्याच्या नुसत्या भिंगाहूनही स्वस्त पडतें.

येथवर वाचून आम्ही महाग यंत्राचे वैरी आहों असें कोणास वाटेल. तसें नाहीं. जालना हें मोसंबीचें व बियाण्यांचें तसेंच पोलादाचें गांव आहे. रोलिंग मिलच्या अंधाऱ्या शेडमध्यें तापून पिवळीजर्द झालेली सळई रुळांमधून सापासारखी निघते, आणि तिच्या उजेडांत कामगाराचा चेहरा क्षणभर दिसतो. हें दृश्य फोनानें घेतलें तर सळईच्या जागीं पांढरा ओरखडा उमटतो आणि चेहरा नाहींसा होतो. तेथें उत्तम कॅमेराच पाहिजे. पण तो दोन दिवस पाहिजे. ज्या गिऱ्हाइकास असें चित्र हवें, तें भाड्याचे पैसे देतें. आणि मोठ्या शहरांतून असा कॅमेरा दिवसाच्या भाड्यानें मिळतो. हिशेब अगदीं सरळ आहे. समजा, सर्व साहित्यासह पांच लाख रुपये लागले आणि तें पांच वर्षें टिकलें; व्याज सोडून दिलें तरी वर्षास लाख रुपये झाले. वर्षांत तें शंभर दिवस बाहेर पडलें तर दिवसास हजार रुपये पडतात, वीस दिवस पडलें तर पांच हजार. ज्याच्या हातीं शंभर दिवसांचें काम आहे त्यानें खुशाल घ्यावा. लग्नांचे व्हिडिओ करणाऱ्यांस तर मोठा कॅमेरा हा प्रतिष्ठेचा भाग म्हणूनही बाळगावा लागतो. तो दिसला कीं वऱ्हाडी सरळ बसतात आणि यजमान बिल देतांना कांकूं करीत नाहींत. बागेंतला म्हातारा शेतकरी मात्र त्याच कॅमेऱ्यापुढें टोपी सांवरून भाषण करूं लागतो, आणि छाटणीविषयीं त्याला जें ठाऊक आहे तें तोंडांतच राहतें.

आमच्या तरुण मित्रानें दुसरेंही एक उदाहरण दिलें होतें. २०२३ सालचा 'द क्रिएटर' हा इंग्रजी चित्रपट मुख्यतः सोनीच्या एफएक्स३ या कॅमेऱ्यावर घेतला, आणि तो कॅमेरा आपल्याकडील लग्नांतही दिसतो. मग आपण कां घेऊं नये? हकीकत बरोबर आहे, अनुमान उलटें आहे. त्या चित्रपटास सुमारें आठ कोटी डॉलर लागले. इतका पैसा हातीं असणाऱ्यांनीं कॅमेऱ्यावर सर्वांत कमी खर्च केला, आणि उरलेला भिंगें, प्रकाश, प्रवास व मागाहूनच्या चित्रसंस्कारांवर घातला. त्यांच्याकडून कांहीं घ्यावयाचें तर हा क्रम घ्यावा.

आणि यंत्राचें वेडच असेल तर तें कोल्हापुरासारखें असावें. आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंनीं स्वतःचा कॅमेरा बनविण्याचा ध्यास घेतला; १९१६ सालीं आनंदराव वारले, तरी बाबूरावांनीं दामल्यांच्या मदतीनें १९१८ मध्यें तो पुरा केला, आणि १९२० सालीं 'सैरंध्री' पडद्यावर आली. त्या कॅमेऱ्याचा प्रत्येक दांता त्यांच्या ओळखीचा होता. हल्लींच्या काळांतलें पाहावयाचें तर मालेगांवच्या नासिर शेख यांच्या मंडळींनीं सायकलीवरून कॅमेरा चालविला, बैलगाडीची क्रेन केली, आणि त्यांचीं तीं विडंबनचित्रें गांवानें डोक्यावर घेतलीं. त्या मंडळींवर २००८ सालीं माहितीपट निघाला, आणि पुढें हिंदी चित्रपटही निघाला. त्या हिंदी चित्रपटाची यंत्रसामग्री मालेगांवकरांच्या कितीतरी पट भारी होती, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

स्नेह्यांच्या घरीं शेवटीं तडजोड झाली. ठेव मोडली नाहीं. दोन कॉलर-माइक, एक दणकट तिवई आणि उन्हांत पडदा दिसावा म्हणून काळ्या कापडाची एक झापड, एवढी खरेदी झाली. घरांतला एक जुना फोन, कांच थोडी तडकलेला, मुलानें बागेंत एका खांबास पक्का बांधला. ताण सोडून अंबिया बहाराचें पहिलें पाणी दिलें त्या दिवसापासून रोज सकाळीं एकाच वेळीं तो एकाच फांदीचें एक चित्र घेऊं लागला. मागल्या खेपेस आम्ही गेलों तेव्हां त्यानें तीं चित्रें सलग लावून दाखविलीं. उघडीबोडकी फांदी, मग डोळे फुगलेले, मग पालवी, मग पांढऱ्या कळ्या. सारें दोन-तीन सेकंदांत होऊन गेलें, आणि वडिलांनीं तें आणखी चार वेळां लावावयास सांगितलें. एकोणिसाव्या दिवशीं वाऱ्यानें खांब कलल्यामुळें तेवढें एक चित्र वांकडें आलें आहे. तें काढून टाकावें कीं तसेंच ठेवावें, याविषयीं बापलेकांत अद्याप एकमत झालेलें नाहीं.