तारखेचा शब्द आणि साठ्याचे गणित : पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील मागणीपूर्तीच्या वायद्यांची चिकित्सा

प्रस्तावना

कारखानदारीत वस्तू तयार होण्यापूर्वीच ती ग्राहकाच्या हाती केव्हा पडेल, हे सांगावे लागते. ही तारीख कशाच्या आधारावर द्यावी, हा प्रश्न उत्पादन व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत केवळ तांत्रिक मानला जातो. प्रत्यक्षात तो विश्वासाचा प्रश्न आहे, तसाच जोखीम कोणी सोसायची याचाही आहे. हातात असलेला आणि पुढे येणारा साठा पाहून तारीख देण्याची जी पद्धत 'अव्हेलेबल टू प्रॉमिस' किंवा एटीपी या नावाने शिकवली जाते, तिला मराठीत 'वचनयोग्य साठा' असे म्हणता येईल. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातील अनुभवांच्या आधारे या पद्धतीची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पनेचे स्वरूप

जोसेफ ऑर्लिकी यांचा मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंगवरील ग्रंथ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकाच्या साहाय्याने साहित्याचे नियोजन करण्याच्या ज्या विचाराला या ग्रंथाने बळ दिले, त्याच परंपरेत वचनयोग्य साठ्याचे गणित बसते. हे गणित साधे आहे. एखाद्या कारखान्यात तयार माल १२० नग आहे आणि त्यांपैकी ९० नगांचा शब्द इतर ग्राहकांना दिलेला आहे, असे समजू. नव्या ग्राहकाला देण्याजोगे ३० नग उरतात. तिसऱ्या आठवड्यात आणखी २०० नग तयार होणार असून त्यांतील १५० नगांची मागणी आधीच नोंदवलेली आहे. म्हणजे तेथे ५० नग मोकळे आहेत. ७० नग मागणाऱ्या ग्राहकाला ३० नग आज आणि उरलेले ४० तिसऱ्या आठवड्यात देता येतील.

या उत्तरात अंकगणिताची चूक नाही. मात्र आजचे ३० नग गोदामात मोजता येतात, तर तिसऱ्या आठवड्यातील ५० नग हे ओतकाम वेळेवर येईल, यंत्र बंद पडणार नाही आणि कामगार हजर राहतील, या गृहीतांवर उभे आहेत. गणिताच्या तक्त्यात दोन्ही आकडे एकाच शाईने लिहिले जातात. 'बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी' या म्हणीतील तुरीला तक्त्यात पोत्यातल्या तुरीइतकेच वजन मिळते. यंत्रांची क्षमता व कच्चा माल तपासून तारीख देण्याची 'केपेबल टू प्रॉमिस' ही पुढची पद्धत हा दोष कमी करते. तो नाहीसा करत नाही.

तारखेविना रांग

या पट्ट्याच्या इतिहासाकडे पाहता तारीख देण्याचा प्रश्न येथे नवा नाही, असे दिसते. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि साठच्या दशकात टेल्को व बजाज ऑटो यांनी येथे पाय रोवले. १९७२ मध्ये बाजारात आलेली बजाजची चेतक स्कूटर आकुर्डीच्या कारखान्यात तयार होत असे. परवाना पद्धतीमुळे उत्पादनक्षमता सरकारी मंजुरीने बांधलेली होती आणि मागणी तिच्या कितीतरी पुढे गेली होती. परिणामी स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. नंबर लागलेली स्कूटर वरचे पैसे घेऊन दुसऱ्याला विकण्याचे प्रकारही त्या काळात सर्रास चालत. ग्राहकाजवळ रांगेतील क्रमांक होता, तारीख नव्हती. तारीख देण्यासाठी लागणारी 'पुढे येणारा साठा' ही संख्या ठरवण्याचा अधिकारच उत्पादकाकडे पूर्णपणे नव्हता. त्या काळातील प्रतीक्षेचा दोष एकट्या कारखान्यावर ठेवणे म्हणूनच न्याय्य ठरणार नाही.

तारखेसह रांग

१९९१ च्या उदारीकरणानंतर परवान्याचे बंधन गेले. प्रतीक्षा मात्र पूर्णपणे गेली नाही. महिंद्रा कंपनीच्या चाकण येथील प्रकल्पात तयार होणाऱ्या एक्सयूव्ही ७०० या गाडीची नोंदणी ७ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाली आणि ५७ मिनिटांत २५,००० मागण्या नोंदल्या गेल्या. १४ जानेवारी २०२२ पर्यंत किमान १४,००० गाड्या देण्याचे उद्दिष्ट कंपनीने जाहीर केले. जगभर सेमीकंडक्टरची टंचाई असताना हे उद्दिष्ट गाठले गेले, ही बाब नियोजनाच्या दृष्टीने नोंद घेण्याजोगी आहे. तथापि त्याच सुमारास नोंदण्यांची संख्या एक लाखाच्या घरात पोचली होती आणि काही प्रकारांसाठीची प्रतीक्षा वर्षापलीकडे गेली.

३० जुलै २०२२ रोजी चाकणच्याच स्कॉर्पिओ-एन या गाडीची एक लाख नोंदणी अर्ध्या तासात झाली. डिसेंबर २०२२ पर्यंत २०,००० गाड्या देण्याचे नियोजन होते आणि सुरुवातीला झेड८एल या वरच्या श्रेणीतील प्रकाराला अग्रक्रम राहील, असे जाहीर करण्यात आले. येथे वचनयोग्य साठ्याच्या संकल्पनेचा एक दुर्लक्षित पैलू समोर येतो. मोकळा साठा कोणत्या ग्राहकासाठी राखायचा, हा निर्णय गणित घेत नाही. तो व्यवस्थापन घेते. तो निर्णय आधीच जाहीर करणे हे प्रामाणिकपणाचे होय. परंतु रांगेत आधी उभा असलेला आणि साधा प्रकार मागणारा ग्राहक मागे पडू शकतो, हेही तितकेच खरे.

या तुलनेत बजाजच्या विद्युत चेतकचा अनुभव उद्बोधक आहे. १३ एप्रिल २०२१ रोजी पुणे व बंगळुरू येथे नोंदणी पुन्हा खुली झाली आणि ४८ तासांत ती थांबवण्यात आली. पुढील नोंदणी पुरवठ्याची स्थिती पाहून घेतली जाईल, असे सांगण्यात आले. ज्या नावाने एकेकाळी वर्षानुवर्षांची रांग पाहिली, त्याच नावाच्या वाहनाने रांग वेळीच थांबवली. अर्थात आकडे पाहता या दोन उत्पादनांच्या मागणीचे प्रमाण सारखे नाही, त्यामुळे एका कंपनीला श्रेय व दुसरीला दोष असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. काढता येतो तो एवढाच, की 'सध्या देता येणार नाही' हे उत्तरही वचन देण्याच्या पद्धतीचाच एक भाग आहे.

जोखमीचे वाटप

तारीख मोठा कारखाना देतो. ती पाळण्याचा भार मात्र भोसरी, तळवडे आणि चाकण येथील लहान कारखान्यांवरही पडतो. मोठ्या कारखान्याकडून व्हेंडरला महिन्याचे 'शेड्यूल' मिळते. त्यात जवळच्या काळातील आकडे पक्के व पुढचे आकडे अंदाजी असतात. 'जस्ट इन टाइम' पद्धतीत मोठ्या कारखान्याला साठा नको असतो आणि असेंब्ली लाइन थांबलेलीही चालत नाही. अशा वेळी साठा व्हेंडरच्या शेडमध्ये आणि त्याच्या बँकेच्या कर्जखात्यात जमा होतो. एका चिपअभावी गाडी अडली, तर इतर सुट्या भागांचा तयार माल त्याच्याकडेच पडून राहतो. मोठ्या कारखान्याच्या एटीपी तक्त्यात या खर्चासाठी रकाना नसतो.

ग्राहकाची स्थितीही फारशी वेगळी नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५५ नुसार वेळ हा कराराचा गाभा असेल, तर ती न पाळल्यास दुसऱ्या पक्षाला करार रद्द करता येतो. तारीख 'अंदाजे' म्हणून दिली, की वेळ हा गाभा होता असे म्हणणेच ग्राहकाला कठीण जाते. बुकिंगची रक्कम मात्र अंदाजे भरता येत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते, की वचनयोग्य साठ्याचे सूत्र सदोष नसून अपुरे आहे. प्रत्येक आकडा किती पक्का आहे आणि तो चुकल्यास तोशीस कोणाला पडेल, या दोन बाबी त्यात येत नाहीत. हातातील साठ्यावरची तारीख व अपेक्षित साठ्यावरची तारीख ग्राहकाला वेगवेगळी सांगणे, सर्वांत दुर्मीळ सुट्या भागाच्या हिशेबाने नोंदणीची मर्यादा ठरवणे आणि अंदाजी शेड्यूलवर तयार झालेल्या मालाची जबाबदारी मोठ्या कारखान्याने अंशतः स्वीकारणे, या तीन गोष्टींनी ते पुरे करता येईल. वाणिज्य व व्यवस्थापनाच्या वर्गांत हे सूत्र शिकवताना विद्यार्थ्यांकडून केवळ उदाहरण सोडवून घेणे पुरेसे नाही. त्यातील प्रत्येक आकड्यामागे कोण उभे आहे, हे त्यांना विचारले गेले पाहिजे. कारण त्यांतील अनेकांना उद्या याच पट्ट्यात बसून कोणाला तरी तारीख द्यायची आहे.