‘प्राणी आणि रोग’ : एका तक्त्याची उलटतपासणी

आरोग्याचा घटक शिकवताना आपण बहुतेक सर्वजण फळ्यावर एक तक्ता काढतो. पहिल्या रकान्यात प्राणी, दुसऱ्यात जंतू किंवा कृमी, तिसऱ्यात रोग. उंदीर, पिसू, प्लेग. कुत्रा, लाळ, रेबीज. कुत्रा-मांजर, जंत, पोटाचे विकार. मुले तो वहीत उतरवून घेतात. परीक्षेत ‘जोड्या लावा’ आले की पैकीच्या पैकी गुण मिळवतात. मीही अनेक वर्षे हाच तक्ता काढत आलो. त्यातली एकही ओळ खोटी नाही. तरीही हा तक्ता अपुरा आहे आणि काही वेळा घातकही ठरतो, असे माझे मत झाले आहे. ते का, हे येथे मांडतो.

समजा, वसईतल्या निर्मळ किंवा गासकडची एखादी वाडी आहे. मागे केळी, पुढे ओटा, ओट्यावर गोणपाटावर झोपणारा राखणीचा कुत्रा आणि घरात ये-जा करणाऱ्या दोन मांजरी. घरातल्या चार वर्षांच्या मुलाच्या शौचात भाताच्या शितासारखे पांढरे, वळवळणारे दाणे दिसतात. आजी म्हणते, “गूळ फार खातो, जंत झाले.” अंगणवाडीत मिळालेली जंताची गोळी झालेली असते, तरी दाणे पुन्हा दिसतात. मग शाळेत जाणारी थोरली बहीण वही काढून दाखवते : कुत्रा, जंत. दुसऱ्या दिवशी कुत्र्याला टेंपोत घालून लांब सोडून येतात. महिन्याभराने दाणे पुन्हा दिसतात.

येथे कोण चुकले? गुळाने जंत होत नाहीत, हे आपण आजीला समजावू. पण बहिणीने जे वाचले ते तर खरेच होते! चूक तक्त्याने जे सांगितले त्यात नाही, जे सांगितले नाही त्यात आहे.

पिसवेच्या पोटातून

ते पांढरे दाणे म्हणजे डायपिलिडियम कॅनायनम या पट्टकृमीचे सुटे झालेले खंड. प्रत्येक खंडात अंडी असतात. कुत्र्याच्या किंवा मांजराच्या विष्ठेतून खंड बाहेर पडतात, सुकतात, फुटतात. ही अंडी मुलाने थेट गिळली तर त्याला हा कृमी होत नाही. ती आधी पिसवेच्या अळीने खावी लागतात. अळीची पिसू होते, तोवर तिच्या अंगात कृमीचे पुढचे रूप तयार होते. अंग चाटता-चावताना कुत्रा ती पिसू गिळतो आणि चक्र पूर्ण होते. मूलही चुकून पिसू गिळते, कारण ते कुत्र्याला कवटाळते आणि हात तोंडात घालते. हा विकार बहुधा सौम्य असतो आणि डॉक्टरांनी दिलेल्या प्राझिक्वांटेल या औषधाने बरा होतो.

आता गोळीचे कोडे पाहू. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोल दिले जाते. हा उपक्रम चांगला आहे. पण त्याचा रोख मातीतून पसरणाऱ्या, माणसाच्या जंतांवर आहे. पिसवेतून येणाऱ्या या पट्टकृमीसाठी ती गोळी भरवशाची नाही. आपण मात्र वर्गात ‘जंताची गोळी’ असे मोघम म्हणतो आणि मुलांना वाटते, सारे जंत एकच.

तक्त्यावरील चार आक्षेप

पहिला आक्षेप : तक्त्यात जागा नाही. पिसू म्हटले की प्राण्याच्या अंगावर उड्या मारणारा कीटक डोळ्यांपुढे येतो. पण पिसवेची अंडी गुळगुळीत असतात, ती अंगावरून घरंगळून खाली पडतात. मादी दिवसाला चाळीसपर्यंत अंडी घालू शकते. अळ्या उजेड टाळून फटीत, गोणपाटात, गादीखाली शिरतात आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतले वाळलेले रक्त खातात. मग कोश होतो. कोशातली पिसू काही महिनेही थांबू शकते. जमिनीची हालचाल, ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की ती बाहेर पडते. म्हणूनच बंद घर उघडल्यावर पिसवा ‘अचानक’ उसळतात. ढोबळ अंदाज असा, की घरातल्या एकूण पिसवांपैकी वीसातला एखादाच हिस्सा प्राण्याच्या अंगावर असतो. बाकी अंडी, अळ्या, कोश घरात. आमच्या किनाऱ्याच्या दमट हवेत त्यांचे फावते. आपल्या उदाहरणात कुत्रा गेला, पण गोणपाट आणि मांजरी राहिल्या, म्हणजे पिसवाही राहिल्या.

दुसरा आक्षेप : तक्त्यात काळ नाही. कुत्र्याच्या टॉक्सोकारा या गोलकृमीची अंडी ताज्या विष्ठेत असतात तेव्हा संसर्ग करू शकत नाहीत. मातीत दोन-तीन आठवडे वाढल्यावर ती धोकादायक होतात आणि पुढे महिनोन्‌महिने, कधी वर्षेही टिकतात. ती पोटात गेल्यास अळ्या यकृतात, फुफ्फुसात भटकतात आणि क्वचित डोळ्यात शिरून दृष्टीला इजा करतात. याचा अर्थ, रोजची विष्ठा रोज उचलून पुरली किंवा नीट टाकली तर धोका मुळातच खुंटतो. पिल्लांना हा जंत आईच्या पोटातूनच मिळतो, म्हणून पशुवैद्य त्यांना दुसऱ्या आठवड्यापासूनच जंताचे औषध सुरू करतात. मांजर आणि टॉक्सोप्लाझ्मा यांचेही तसेच. विष्ठेतील बीजे एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतात. घरात कोणी गरोदर असेल तर मांजराची घाण दुसऱ्याने रोज काढावी आणि मांस पूर्ण शिजवावे. मांजराला हाकलण्याचे कारण नाही. ‘कुत्रा पाळाल तर आंधळे व्हाल’ या थाटाचे लेख अधूनमधून छापून येतात. त्यांतही नेमका हा काळाचा रकाना गाळलेला असतो.

तिसरा आक्षेप : तक्त्यात वाट नाही. पट्टकृमी गिळलेल्या पिसवेतून येतो, टॉक्सोकारा मातीच्या हातातून, तर अंकुशकृमी कातडीतून. या शेवटच्या वाटेचा शोध १८९८च्या सुमारास कैरोत आर्थर लूस यांना लागला. अळ्या असलेले पाणी त्यांच्या हातावर सांडले, जागा खाजली आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच शौचात अंडी सापडली. कुत्र्या-मांजरांच्या काही अंकुशकृमींच्या अळ्या माणसाच्या कातडीत शिरतात, पण बहुधा आत उतरू शकत नाहीत. त्या कातडीखाली नागमोडी, खाजरी रेषा काढत फिरतात. अर्नाळा, राजोडी, कळंबच्या वाळूत अनवाणी खेळणाऱ्या आपल्या मुलांना साबणाने हात धुण्याचा धडा येथे पुरणार नाही. पायात चप्पल हवी. वाट वेगळी, तर उपायही वेगळा.

१९९४ साली याच विसराची मोठी किंमत दिसली. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीचा प्लेग आढळल्याचे जाहीर झाले आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगने घबराट उडाली. सुरतेहून मुंबईला जाणारा लोहमार्ग विरार-वसईवरूनच जातो. ‘उंदीर, पिसू, प्लेग’ एवढेच पाठ असलेल्याला वाटणार, पिसू नाही तर भय नाही. पण फुफ्फुसाचा प्लेग रुग्णाच्या खोकल्यातून माणसाकडून माणसाकडे जातो. एकाच रोगाच्या दोन वाटा तक्त्याच्या एका ओळीत मावत नाहीत.

चौथा आक्षेप : तक्ता आरोपी ठरवतो. पहिल्या रकान्यात प्राणी असल्याने दोष त्याच्या माथी येतो. हायडॅटिड या विकारात माणसाच्या यकृतात पाण्याने भरलेली गाठ वाढते. ती कुत्र्याच्या एका इवल्या पट्टकृमीमुळे होते हे खरे. पण कुत्र्याला तो कृमी कोठून मिळतो? शेळ्या-मेंढ्यांची गाठी असलेली कच्ची आतडी, काळीज खाऊन. आणि ती त्याच्यापुढे टाकतो कोण? आपणच. हा रकाना तक्त्यात कधीच नसतो.

परळचा धडा

मग शिकवावे कसे? उत्तर आपल्या जवळच, परळला घडलेले आहे. १८९६ साली मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी पिसवांनी भरलेला आजारी उंदीर काचेच्या बरणीत ठेवला आणि जाळीच्या पिंजऱ्यातला निरोगी उंदीर त्याच बरणीत सोडला. दोघांचा स्पर्श होत नव्हता, तरी दुसराही प्लेगने मेला. पिसवा नसताना तसे घडले नाही. फार थोड्यांनी यावर विश्वास ठेवला. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून उंदरांच्या पिसवा त्यांच्या अंगावर गोळा केल्या. १९०५ पासून प्लेग आयोगाने परळला खास झोपड्या बांधून प्रयोग केले. पिंजरा जमिनीवर असला की गिनीपिगला प्लेग होई. सुमारे दोन फूट उंच टांगला की होत नसे. भोवती चिकट कागद पसरला तरी तो वाचे. जे हवेतून येते ते दोन फुटांवर थांबत नाही. उडी मारणारे थांबते!

या संशोधकांनी ‘कोणता प्राणी?’ एवढ्यावर न थांबता ‘कोणत्या वाटेने, किती उंचीवर, कशाने अडते?’ असे विचारले. आपला तक्ता त्यांचे उत्तर देतो, प्रश्न मात्र गाळतो.

नवे रकाने

तक्ता पुसून टाका, असे माझे म्हणणे नाही. उजळणीला तो सोयीचा आहे. पण रकाने बदलावेत : कृमी किंवा कीटक आता कोठे आहे? तेथे किती काळ राहतो? माणसात कोणत्या वाटेने येतो? साखळी कोठे तोडता येईल? ती तोडणे कोणाचे काम? आमच्या वाडीतल्या घराला हे लावून पाहा. गोणपाट गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकणे, फटी झाडणे, कुत्रा आणि दोन्ही मांजरी यांना एकाच वेळी पशुवैद्याकडून पिसवांचे व जंताचे औषध देणे, मुलाला डॉक्टरांकडे नेणे. नुसते जंताचे औषध दिले आणि पिसवा राहिल्या, तर तीन-एक आठवड्यांत कुत्र्याला पुन्हा तोच कृमी.

एक इशारा मात्र वर्गात जरूर द्यावा. वाडीत फवारायचे कीटकनाशक, रॉकेल, फिनेल प्राण्याच्या अंगाला लावू नये. कुत्र्यासाठीचे पर्मेथ्रिन मांजराला मारक ठरू शकते.

माझ्या सूचनेवरही आक्षेप येईल : तीन रकान्यांना एक तासिका पुरते, पाच रकान्यांना तीन लागतील. ते खरे आहे. म्हणून सर्व रोग घेऊ नयेत. एकच घ्यावा, पण पूर्ण घ्यावा. मुलांनी आपल्या घरचा ओटा, गोणपाट, अंगण पाहून रकाने भरावेत आणि चुकले तर वर्गात दुरुस्त करावेत. त्या बहिणीच्या वहीत असा एक तक्ता असता, तर मुलाचे दाणे गेले असते आणि कुत्राही ओट्यावरच राहिला असता.